दुसरी दानी

अपोंडी नावेतून पडली ती भर दुपारी. नाव पाण्यात नव्हतीच, किनाऱ्यावर ओढून कलती ठेवलेली होती आणि पोरं तिच्यात चढून मासेमारीचा खेळ खेळत होती. पोरगी काठावरून मागं कोसळली आणि शेजारच्या नावेच्या कडेवर, उजव्या कानाच्या वर, आपटली. क्षणभर निपचित पडली. मग उठली, भोकाड पसरलं, आणि रडता रडता पहिलं वाक्य बोलली ते, "माझी चप्पल कुठाय?"

चप्पल विचारतेय म्हणजे काही झालेलं नाही, असं सगळ्या किनाऱ्याचं मत पडलं. किनाऱ्याचं मत नेहमी असंच पडतं, फुकटचं. तिची आई मिलका वाळत घातलेली ओमेना मासळी कावळ्यांच्या हवाली करून, पोरीला पाठीशी बांधून आरोग्य केंद्राकडे पळत सुटली. मागून काठी टेकत, तोंडाचा पट्टा चालू ठेवत आली तिची सासू. उयोमा गावची लेक म्हणून न्यार उयोमा. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला कुणी दुसऱ्या नावानं हाक मारलेली नाही, तिचं खरं नाव तिला तरी आठवत होतं की नाही देव जाणे.

केंद्रात पेरेस अडोयो होती. कागदोपत्री ती डॉक्टर नव्हे, डॉक्टरच्या एक पायरी खालची. पण सरोवराच्या ह्या बाजूला त्या वरच्या पायरीवर कोणी बसलेलंच नव्हतं, म्हणून लोक तिला डॉक्टर म्हणत, आणि तीही आता लोकांना दुरुस्त करून कंटाळली होती.

"काय गं, नाव काय तुझं?"

"अपोंडी."

"आणि ही कोण आलीय तुझ्याबरोबर?"

"दानी." म्हणजे आजी. "ती रागावलीय."

"कुणावर?"

"आईवर. रोजच रागावते."

पेरेसला हसू आलं. पोरगी शुद्धीवर होती, तरतरीत होती, दोन्ही हातांनी मांदाझी धरून तो गोड वडा कुरतडत होती. पेरेसनं हळूच तिचे केस बाजूला केले आणि बोटं टेकवली, आणि तिचं हसू जरा आवरलं.

टेंगूळ म्हटलं की लोक हसण्यावारी नेतात. पण टेंगूळ म्हणजे रक्तच असतं, आणि ते कुठं साचलंय ह्यावर सगळा खेळ असतो. कपाळावर आलेलं, टणक, लिंबाएवढं, पोरं रोज मिरवतात, त्याचं काही नाही. बाळंतपणात बाळाच्या डोक्यावर येतं ते एका हाडापुरतं राहतं, हाडाची शीव ओलांडत नाही, आणि आपलं आपण जिरतं. एक असतं कातडीखाली सगळीकडे पसरणारं, आज डोक्यावर तर उद्या डोळ्यांच्या पापण्यांत उतरणारं. तान्ह्या पोराचं निम्मं रक्त त्यात गुपचूप जाऊ शकतं. हे सगळं हाडाच्या वरचं. हाडाच्या खाली गेलं की मात्र गोष्ट वेगळी. तिथं एक शिरेचं रक्त, काळं, सावकाश झिरपणारं. आणि एक धमनीचं, कानाच्या वरच्या पातळ हाडाला चीर गेली की सुटणारं. हे दुसरं फार कपटी. आधी पोराला उठून बसवतं, हसवतं, खाऊ घालतं. आईबाप निर्धास्त झाले की मग घेऊन जातं.

अपोंडीचं टेंगूळ बरोबर कानाच्या वर होतं, आणि टणक नव्हतं. बोटाखाली ते पिकून उतरलेल्या पपईसारखं दबत होतं. मऊ टेंगळाखाली हाडाला चीर असते, हे पेरेसला पाठ होतं. पण चीर म्हणजे आत रक्त असेलच असं नाही. डोक्याच्या आतला फोटो काढायचं यंत्र लांब किसुमू शहरात, आणि केंद्राची गाडी एकच. मऊ टेंगळाच्या प्रत्येक पोराला ती गाडीत घातली असती तर बाळंतिणींनी रस्त्यातच बाळंत व्हायचं.

"पोरीला इथंच थांबवू. ऊन कलेपर्यंत मी तिला झोपू देणार नाही," ती म्हणाली.

"पोरगी मांदाझी खातेय आणि ही थांबवू म्हणते," न्यार उयोमा लांबच्या भिंतीपाशी बाकावर बसली. "अगं डॉक्टर, पोरगी का पडली ते मला विचार. टेंगूळ काय चाचपतेस!"

"आई, नका ना," मिलका म्हणाली.

"का नको? लाज वाटते? डॉक्टर, माझी सासू अगोला गेल्या पेरणीपासून माझ्या स्वप्नात येतेय. म्हणते, पोरीला माझं नाव द्या. मी हिच्या पाया पडायची तेवढी राहिले. पण नाही! हिच्या चर्चमध्ये मेलेल्यांची नावं चालत नाहीत. आता सांग, म्हातारीनं किती दिवस दारात तिष्ठत उभं राहायचं?"

पेरेसचं स्वतःचं दुसरं नाव अशाच एका मेलेल्या आत्याचं होतं. तान्हेपणी ती तीन दिवस रडत होती म्हणे, ते नाव पुकारल्यावरच गप्प झाली. असल्या गोष्टींवर विश्वास आहे का, असं कुणी विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, पण बाहेर पटांगणात जाऊन मोठ्यानं म्हणाली नसती.

थोड्या वेळानं अपोंडीनं मांदाझी ओकून टाकला. मग पुन्हा ओकली. मिलका फरशी पुसायला वाकली तेव्हा पोरगी तिच्या खांद्यावरून पलीकडं बघत होती, लांबच्या बाकाकडे.

"दानी," ती म्हणाली, "तुझ्याशेजारी ती कोण बसलीय?"

बाकावर न्यार उयोमा एकटी होती.

मिलकाचा हात फडक्यावरच थांबला. बाहेर झाडाखाली कोंबड्या होत्या, त्यासुद्धा कुणी गळा धरल्यासारख्या गप्प झाल्या, असं निदान पेरेसला वाटलं.

"कोण बसलीय, बाळा?" म्हातारीचा आवाज एकदम मऊ झाला होता. "कशी आहे दिसायला?"

"तुझ्यासारखी. लेसोपण तुझंच घातलंय."

म्हातारीनं अंगावरचं फुलांचं लेसो, ते सुती पांघरूण, दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "हे लेसो माझं नाही," ती हळूच म्हणाली. "हे अगोलाचं आहे. मेली तेव्हा तिच्या अंगावरून मी काढून घेतलं होतं."

खोटं कशाला सांगा, पेरेसलाही वाटलं की पळावं. पण तिचे पाय पळाले नाहीत, आणि पाय थांबले म्हणून डोकं चालायला लागलं.

"अपोंडी, आई किती आहेत?"

"एक." मिलका अगदी जवळ होती.

"आणि तो दाराबाहेर गाडीपाशी झकायो आहे ना, ड्रायव्हर? तो?"

पोरीनं मान तिरकी करून बाहेर पाहिलं. "झकायो दोन."

"बघा दानी," पेरेस म्हणाली. "झकायोही दोन दिसतात तिला. जवळचं एक, लांबचं दोन. हा डोळ्यांचा घोटाळा आहे."

"झकायोचाही आजा आला असेल," म्हातारी म्हणाली. "दारू पिऊन मेला तो, त्याचंही नाव कुणी पोराला दिलेलं नाही."

पेरेसनं पोरीपुढं उकिडवं बसून बोट धरलं आणि बाजूला नेलं. डावा डोळा बोटामागून मुकाट गेला. उजवा डोळा मधोमध आला आणि तिथंच अडला, कानाच्या बाजूला सरकेचना. डोळा बाहेर वळवणारी नस लांबलचक असते, कवटीच्या तळावरून सरपटत जाते. आत दाब वाढला की बिचारी आधी चेंगरते. पेरेसनं पोरीची नाडी धरली. ती संथ पडत चालली होती, पोरांची पडू नये इतकी संथ.

खात्री करायची म्हणून तिनं अपोंडीच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. "आता तिकडं बघ. किती?"

"ती गेली. दानी आहे."

"बरं." हात काढला आणि डाव्या डोळ्यावर ठेवला. "आता?"

पोरगी बराच वेळ बघत राहिली.

"आता दानी गेली," ती म्हणाली. "तीच राहिली."

हे असंच व्हायला हवं होतं. एक डोळा एक माणूस बघतो, दुसरा दुसरं, हा डोळा झाकला की ते जातं, तो झाकला की हे. पुस्तकात हेच लिहिलेलं. तरी पेरेसनं हात असा काढून घेतला की जणू चुलीला लागला. तिनं बाकाकडे पाहिलं. न्यार उयोमा जागच्या जागी होती, पण तिचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"डोक्याच्या आत रक्त साचतंय," पेरेस उठली. "हाडाच्या खाली, धमनीचं. किसुमूला नेऊन भोक पाडून काढावं लागेल, आत्ताच्या आत्ता. झकायो! गाडी काढ!"

"नाही," म्हातारी म्हणाली.

"दानी—"

"पाहुणी शेजारी उभी असताना पोराला रस्त्यावर काढत नाहीत. आमच्या उयोमात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आधी घरी न्यायचं, पहाटे अगोलाच्या उंबऱ्यावर नाव पुकारायचं, मग कुठं न्यायची तिथं ने. नाव न देता गाडीत घातलीस तर ती आधी गाडीत चढेल. गाडी पोचेल, पोर पोचणार नाही."

"पहाटेपर्यंत पोर राहणार नाही हो!"

"मिलका, उचल पोरीला."

आणि मिलका! इतके दिवस नावाला नाही म्हणणारी, दर रविवारी पांढरा रुमाल बांधून गाणारी मिलका, तिची पार पाचावर धारण बसली होती. "देते नाव, आई," ती हुंदके देत म्हणाली, "तुम्ही म्हणाल ते देते, चला घरी." पेरेसला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. आजपर्यंतची सगळी अक्कल ह्या बाईनं नेमकी नको त्या वेळी खुंटीला टांगली होती.

तेवढ्यात अपोंडी म्हणाली, "ती गेली."

"काय?"

"दुसरी दानी गेली. आता एकच आहे."

म्हातारीनं दोन्ही हात वर करून असा काही आनंदाचा उलुलु काढला की बाहेरच्या कोंबड्या उडाल्या. मिलका नाव देते म्हणाली, अगोलानं ऐकलं, समाधानानं गेली! मिलका गुडघ्यांवर बसली आणि येशूचे आभार मानायला लागली; त्या क्षणी दोघींचं पहिल्यांदा पटलं. झकायो दारात येऊन टोपी काढून उभा राहिला, त्यालाही हायसं वाटलेलं. सगळ्या खोलीत एक पेरेसच तेवढी पोरीच्या तोंडाकडे बघत होती.

उजवी पापणी खाली आली होती. पोरीनं मिटली नव्हती, ती आपण होऊन पडली होती, दोरी तुटलेल्या पडद्यासारखी. पापणीच पडली म्हटल्यावर त्या डोळ्याला दिसणार कोण? म्हणून एकच. पेरेसनं अंगठ्यानं पापणी वर केली. आतली बाहुली पसरून पसरून एवढी झाली होती की डोळ्याला रंगच उरला नव्हता. उजेड दाखवला, हलली नाही. मेंदू दाबला जाऊन दुसऱ्या नसेवर बसला होता. आता वेळ नव्हता, समजावून सांगायला तर मुळीच नव्हता.

"न्यार उयोमा," तिनं पहिल्यांदा म्हातारीला नावानं हाक मारली. "इकडं या. बघा."

"काय बघू? गेली ना ती."

"गेली नाही," पेरेस म्हणाली. "आत शिरलीय."

हे वाक्य तिच्या तोंडून कसं गेलं ते तिचं तिलाही कळलं नाही. रक्ताबद्दल ती बोलली होती, असं ती पुढं स्वतःला सांगत असे. म्हातारी काठी टाकून आली, वाकली, आणि नातीच्या त्या उघड्या काळ्या डोळ्यात डोकावली. तिथं एक म्हातारी होती. अगदी एवढीशी, फुलांचं लेसो पांघरलेली, आतून बाहेर बघत होती.

आपलंच प्रतिबिंब, दुसरं काय! पण ते त्या वेळी म्हातारीला सांगणार कोण.

न्यार उयोमा आणखी खाली वाकली. मग कुजबुजली, पण खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. "अगोला, तुला जागा हवी ना? मोकळं घर हवं ना? ही बघ मी. जुनं आहे, पण तुझ्या ओळखीचं आहे. माझ्यात ये. पोरीला सोड." मग ती सरळ झाली आणि पेरेसला म्हणाली, "बघत काय राहिलीस? ने की तिला!"

झकायोनं गाडी अशी हाकली की रस्त्यातल्या शेळ्या आजही त्याला ओळखत असतील. पेरेसनं पोरीचं डोकं उंच धरलं, शिरेतून सूज उतरवायचं औषध सोडलं आणि सगळी वाट तिचं नाव घेत राहिली. अर्ध्या वाटेनंतर पोरगी ओ द्यायची थांबली. किसुमूच्या सर्जननं फोटो पाहिला, त्यात कवटीला चिकटून भिंगाच्या आकाराचा पांढरा गोळा होता. तो तडक हात धुवायला गेला. संध्याकाळी बाहेर आला तेव्हा म्हणाला, "जेलीसारखी गुठळी होती, मूठभर. अजून थोडा उशीर केला असतात तर मी नुसती सही करायला आलो असतो." मिलका तिथंच फरशीवर बसली आणि पोटभर रडली. पेरेसही रडली, पण भिंतीकडे तोंड करून, कारण तिला सगळे डॉक्टर म्हणत होते.

पेरेस परत आली तेव्हा न्यार उयोमा केंद्रातल्या त्याच बाकावर बसलेली होती. घरी गेलीच नव्हती म्हणे.

"जगली दानी! डोळे उघडले, पापणीही उचलतेय."

"किती दिसतात तिला?"

"अं? हां, दोन. पापणी उघडली म्हणून पुन्हा दोन. बाजूची नस सावकाश भरते, महिने लागतील. त्याची काळजी नको."

"काळजी नाही," म्हातारी म्हणाली. "म्हणजे अजून वेळ आहे." आणि काठी घेऊन घराकडे निघाली.

पुढं अपोंडी तपासून घ्यायला येई, आणि दर वेळी आजी बरोबर असे. पेरेस पोरीला खुर्चीत बसवी आणि म्हातारीला लांबच्या बाकावर, कारण बघायला काहीतरी लांबचं लागतं आणि म्हातारी हलत नसे. पहिल्या खेपेला पोरगी म्हणाली, दुसरी दानी खिडकीपाशी आहे. नंतरच्या खेपेला, बाकाच्या टोकाला आहे. दोन चित्रांमधलं अंतर कमी होत चाललं होतं, नस सुधारत होती, ह्याहून चांगली बातमी कुठली? पेरेस "छान, छान" म्हणे. म्हातारी पोरीच्या उत्तरागणिक बाकावर थोडी सरकून जागा करून देई.

"आता कुठं आहे गं ती?"

"तुला चिकटून. तिचा खांदा तुझ्यात गेलाय."

"दुखत नाही," न्यार उयोमा पेरेसकडे बघून म्हणाली, जणू पेरेसनं विचारलंच होतं. पेरेसनं विचारलं नव्हतं. तिला एकदा वाटून गेलं की नस आणखी थोडे दिवस रेंगाळली तरी चालेल, आणि आपल्याला असं वाटलं ह्याचीच तिला भीती वाटली.

शेवटच्या खेपेला डोळा पार कानापर्यंत वळला. पेरेसनं बोट इकडं नेलं, तिकडं नेलं, वर, खाली. कुठंच अडेना. जखमेवर केस आले होते, पोरगी धडधाकट होती, पाय हलवत खुर्चीत बसली होती. मिलका तिला नवा फ्रॉक घालून घेऊन आलेली.

"आता बाकाकडे बघ, अपोंडी. किती?"

पोरीनं पाहिलं. "एक."

"नक्की?"

"एकच."

"झालं तर!" पेरेसनं मोकळा श्वास सोडला. मिलकानं टाळ्या वाजवल्या. बाकावरची म्हातारी हसली, छान, तोंड भरून हसली, आणि दोन्ही हात पुढं केले. "ये गं माझ्या पोरी, ये दानीकडे."

अपोंडी खुर्चीतून उतरली. बाकाकडे गेली नाही. आईच्या मागं जाऊन तिनं तिच्या घागऱ्यात तोंड लपवलं, एका डोळ्यानं पुन्हा बाकाकडे पाहिलं, मग दुसऱ्यानं, आणि रडवेल्या आवाजात विचारलं,

"आई, माझी दानी कुठं गेली?"